विद्युत वाहन ओढून नेताना : अजिंठ्याच्या घाटातील नवा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव ही गावे मागे टाकीत जाणारा रस्ता अजिंठा गावापाशी पठाराच्या कडेला येतो आणि तेथून घाट उतरून फर्दापूरला पोहोचतो. राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ या नावाने कागदोपत्री ओळखला जाणारा हा रस्ता पुढे पहूरमार्गे जळगावला जातो. घाटात बंद पडलेली मोटार, तिच्यापुढे मदतीला थांबलेला ट्रक, दोहोंमधला जाड दोर आणि ‘न्यूट्रल टाका, ब्रेकवर पाय ठेवा’ असे ओरडून सांगणारा क्लीनर हे दृश्य वर्षानुवर्षे या वाटेवर दिसत आले आहे. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्यांना हा उपाय बहुतेक वेळा पुरत असे. हिरव्या पाटीच्या गाड्या रस्त्यावर आल्यापासून मात्र त्याच उपायाने गाडीचे सर्वांत महाग यंत्र निकामी होण्याची पाळी येऊ शकते. दोर बांधणाऱ्याचा हेतू चांगला असतो, गाडीमालकही आभारच मानतो. नुकसान कळते ते दोन दिवसांनी वर्कशॉपमध्ये.

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येऊ लागला आहे. कॅरव्हॅन अथवा मोटारहोम घेऊन सहकुटुंब हिंडण्याची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. अशा मोठ्या वाहनामागे एखादी लहान गाडी चारही चाकांवर ओढत न्यावी, मुक्कामी पोहोचल्यावर ती सोडवून घ्यावी आणि आसपास फिरावे, ही अमेरिकेतली पद्धत अनेकांनी चित्रफितींमध्ये पाहिलेली असते. मागची गाडी विजेवर चालणारी असेल तर ओढता ओढता ती चार्जही होईल, असाही एक समज आहे. या दोन्ही गोष्टींची तपासणी करू जाता यंत्र, कायदा आणि घाट या तिन्ही आघाड्यांवर अडचणी उभ्या राहतात.

अमेरिकेतील रिवाज

मोठ्या जहाजामागे बांधलेल्या होडीला इंग्रजीत डिंगी म्हणतात. त्यावरूनच मोटारहोमच्या मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही तिकडे डिंगी म्हणण्याची प्रथा पडली. गाडी ट्रेलरवर न चढवता तिची चारही चाके रस्त्यावर ठेवून ती लोखंडी दांड्याने जोडायची, याला ‘फ्लॅट टोइंग’ असे नाव आहे. त्यासाठी दांडा, तो तुटल्यास आधार म्हणून साखळ्या, मागच्या गाडीचे दिवे पुढच्या वाहनाच्या दिव्यांबरोबर चालावेत यासाठी तारा आणि मागच्या गाडीचे ब्रेक लावणारे वेगळे उपकरण एवढा सरंजाम लागतो.

त्या देशातही प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या जुन्या गाड्या न्यूट्रलमध्ये सहसा ओढता येत. जीप रँग्लरसारख्या चारचाकी चालनाच्या गाडीत ट्रान्सफर केसलाच स्वतंत्र न्यूट्रल असते आणि त्यामुळे चाके गिअरबॉक्सपासून खरोखर सुटी होतात. मोटारहोमवाल्यांची ती आवडती गाडी ठरली ती याच कारणाने. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या अनेक गाड्या मात्र या यादीतून बाद झाल्या, कारण त्यांतील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, अशा स्थितीत गिअर कोरडे फिरून जळतात.

गेल्या काही वर्षांत तेथे विद्युत पिकअप ट्रक आले. रिव्हियनचा आर१टी २०२१ मध्ये, फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग २०२२ मध्ये आणि टेस्लाचा सायबरट्रक २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडला. ही वाहने सुमारे तीन टनांची, म्हणजे आपल्याकडील दोन ते तीन लहान मोटारींच्या वजनाची. त्यांच्या मालकांपैकी मोटारहोम बाळगणाऱ्यांनी साहजिकच विचारणा केली, की आमचा ट्रक मागे जोडता येईल काय. उत्तर निराशाजनक होते. टेस्लाची मालकपुस्तिका चारही चाके जमिनीपासून वर ठेवूनच वाहन हलवावे असे बजावते. त्यातील ‘ट्रान्सपोर्ट मोड’ नावाची सोय केवळ वाहन चालण्याच्या वेगाने फ्लॅटबेडवर चढवून घेण्यापुरती आहे. महामार्गावर ओढण्यासाठी ती नाही. इतर बहुतेक उत्पादकांचे सांगणेही याहून फारसे वेगळे नाही.

न्यूट्रल नावाचा भ्रम

असे का, हे समजण्यासाठी गाडीच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. डिझेल गाडीत न्यूट्रल म्हणजे दातेरी चाकांची प्रत्यक्ष फारकत. इंजिन एकीकडे, चाके दुसरीकडे. विद्युत गाडीत बहुधा एकच गिअर असतो आणि तो मोटर व चाके यांना कायमचा जोडून ठेवतो. पडद्यावर ‘एन’ अक्षर उमटते तेव्हा मोटरला वीज देणे थांबते, एवढेच. मोटरचा रोटर मात्र चाकांबरोबर फिरतच राहतो.

तो किती वेगाने फिरतो, याचा हिशेब साधा आहे. लहान गाडीच्या चाकाचा परीघ अदमासे दोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ५०० फेरे घेते. मोटर आणि चाक यांमधील गिअरचे प्रमाण नऊास एक असे धरले, तर बंद गाडीची मोटर मिनिटाला ४,५०० फेऱ्यांनी फिरू लागते. ताशी २४ किलोमीटरला हाच आकडा १,८०० येतो. माणसाच्या चालीने ढकलले तर चारशेच्याही आत राहतो. गाडी दहा-वीस फूट बाजूला ढकलणे निर्धोक आणि ती सिल्लोडपर्यंत ओढून नेणे धोक्याचे, हा फरक या आकड्यांत आहे.

आजच्या बहुतेक विद्युत मोटारींच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक बसविलेले असतात. चुंबक तारांच्या वेटोळ्यांजवळून फिरला की वीज निर्माण होते. शाळेतल्या सायकलच्या डायनॅमोचेच हे तत्त्व. गाडी चालू असताना ही वीज इन्व्हर्टरच्या ताब्यात असते आणि उतारावर ती बॅटरीत परतही घेता येते. गाडी बंद असताना मात्र तिच्यावर कोणाचे नियंत्रण नसते. फेरे वाढतील तसा विद्युत दाब वाढतो आणि तो बॅटरीच्या बाजूच्या दाबापेक्षा वर गेला, की इन्व्हर्टरमधील डायोडमधून प्रवाह आपोआप वाहू लागतो. बॅटरीचे संपर्क सुटलेले असतील तर या विजेला जायला जागा नसते. दाब चढत जाऊन इन्व्हर्टरमधले भाग फुटू शकतात. काही गाड्यांत अशा वेळी मोटरच्या तारा मुद्दाम एकमेकींशी जोडल्या जाण्याची सोय असते. तसे झाले की मोटर ब्रेकसारखी अडवू लागते आणि ओढणाऱ्याचा सारा जोर उष्णता होऊन मोटरमध्ये साठतो. इन्व्हर्टर आधीच बिघडलेला असेल, आणि गाडी बंद पडण्याचे कारण पुष्कळदा तेच असते, तर हाच प्रकार कोणतीही सोय नसताना घडतो.

चुंबकाऐवजी इंडक्शन मोटर असेल तर ती बाहेरून वीज मिळाल्याखेरीज सहसा वीज निर्माण करीत नाही, त्यामुळे तेवढा धोका कमी. टाटाची २०२५ मध्ये आलेली हॅरिअर ईव्ही चारही चाकांना चालना देणाऱ्या रूपात पुढे इंडक्शन आणि मागे चुंबकाची मोटर वापरते. परंतु एका आसावर धोका कमी म्हणून गाडी ओढता येते, असे नव्हे. दुसरा आस आहेच. शिवाय गिअरबॉक्समधील तेल फिरविणारा पंप विजेवरचा असेल तर गाडी बंद असताना तोही बंद, आणि अमेरिकेतील स्वयंचलित गाड्यांची जुनी व्यथा येथेही उद्भवते.

दुचाकीच्या बाबतीत हे तत्त्व शहरातल्या कोणत्याही रस्त्यावर पाहायला मिळते. बॅटरी संपलेल्या ई-स्कूटरला मागून दुसऱ्या स्कूटरवरच्या मित्राने पाय लावून नेणे हा आता नित्याचा प्रकार आहे. चाकातच मोटर असलेली स्कूटर सावकाश ढकलली तर सहसा काही बिघडत नाही. कंट्रोलर जळालेला असेल तर मात्र तीच स्कूटर ढकलणाऱ्याला नाकीनऊ आणते. चाक धक्के देत अडखळत फिरते. तेथे जोर लावण्यात अर्थ नसतो.

कोणती चाके उचलायची

शहरात नो-पार्किंगमधली गाडी उचलणारी क्रेन पुढची दोन चाके वर घेते आणि मागच्या चाकांवर गाडी नेते. हीच रीत हमरस्त्यावरही चालते. पुढच्या चाकांना चालना असणाऱ्या विद्युत गाड्यांना, उदाहरणार्थ टाटाच्या नेक्सॉन, टियागो, पंच यांच्या विजेवरील आवृत्त्या किंवा महिंद्राची एक्सयूव्ही ४००, ती चालून जाते. मोटर पुढच्या आसावर असल्यामुळे उचललेली चाके फिरत नाहीत. मागचा हँडब्रेक सुटलेला असला म्हणजे झाले.

परंतु एमजीची कॉमेट घ्या, अथवा महिंद्राच्या २०२४ च्या नोव्हेंबरात सादर झालेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई घ्या. यांची मोटर मागे असते. मालवाहू छोट्या ट्रकांचेही तेच. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये आली. तिची चालना मागच्या चाकांना आहे. क्रेनवाल्याने सवयीने पुढचा भाग उचलला, की जी चाके फिरू नयेत नेमकी तीच रस्त्यावर राहतात. येथे मागची बाजू उचलावी लागते किंवा मागच्या चाकांखाली लहान चाकगाडी सरकवावी लागते. चारही चाकांना चालना असल्यास फ्लॅटबेड, म्हणजे सपाट फळ्याची रिकव्हरी गाडी, याला पर्याय नाही. गाडीचा नमुना ठाऊक नसेल तेव्हाही फ्लॅटबेडच मागवावी. त्यात चूक होण्याचा संभव सर्वांत कमी.

मोठ्या डिझेल ट्रकांच्या मेकॅनिकांना याचे नवल वाटणार नाही. बंद ट्रक दूर ओढायचा असेल तर ते आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवून ठेवतात, म्हणजे चाके फिरली तरी गिअरबॉक्स फिरत नाही. हीच युक्ती ज्या विद्युत बस व ट्रकांत मोटर मध्यभागी असून शाफ्टने मागच्या आसाला जोडलेली असते, तेथे उपयोगी पडते. ज्यांत मोटर थेट आसावरच बसविलेली असते तेथे सोडवायला शाफ्टच नसतो. राज्य परिवहन महामंडळाची पहिली विद्युत बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. १९४८ साली एसटीची पहिली गाडीही याच तारखेला याच मार्गावर सुटली होती. तेव्हापासून राज्यातल्या आगारांपुढेही बंद बस आणण्याचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे.

घाटाची गणिते

अजिंठ्याच्या बाबतीत एक गोष्ट प्रवाशांच्या ध्यानात उशिरा येते. संभाजीनगरहून जाताना घाट शेवटी आणि उताराचा असतो. पठारावरचा शंभरेक किलोमीटरचा प्रवास संपवून गाडी खाली फर्दापूरला येते तेव्हा बॅटरीचा काटा उतारामुळे किंचित सुखावलेला दिसतो. परतीचा प्रवास मात्र चढानेच सुरू होतो. दोन टनांची गाडी शंभर मीटर उंच चढविण्यासाठी निव्वळ उंचीपोटीच सुमारे अर्धे युनिट वीज खर्ची पडते. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण वेगळे. उतरताना यातील काही भाग परत मिळतो, सगळा नाही. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास जवळपास काहीच नाही, कारण वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. अजिंठा गावात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे. तेव्हा सारा भार साध्या ब्रेकवर येतो.

एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटरचा. संभाजीनगर ते फर्दापूर आणि परत हे अंतर दोनशेच्या घरात जाते. वाटेत चार्जिंगची सोय न पाहता निघालेला छोटा हत्ती परतीच्या चढावर थांबला तर तो दोष वाहनाचा म्हणता येणार नाही.

आता बंद गाडी दोराने ओढण्याचा विचार. चढावर दोर ताणलेला असतो, तोपर्यंत सारे ठीक दिसते. वीस मीटरला एक मीटर इतका चढ असेल तर दोन टनांच्या गाडीला मागे खेचणारा जोर शंभर किलो वजनाइतका असतो, आणि प्रत्येक हिसक्याला तो कित्येक पटींनी वाढतो. उतारावर चित्र उलटते. दोर फक्त ओढू शकतो, अडवू शकत नाही. मागची गाडी पुढच्या गाडीवर जाऊ नये म्हणून मागच्या चालकाने ब्रेक धरून ठेवायचा. पण बंद विद्युत गाडीत ब्रेकला मदत करणारे यंत्र निजलेले असते आणि स्टिअरिंगही जड झालेले असते. पाय दाबावा तेवढी गाडी थांबत नाही, असा अनुभव चालकाला वळणावरच यावा हे भयंकर होय. लोखंडी दांडा लावला तर टक्कर टळते, परंतु मग दोन्ही गाड्यांचे वजन पुढच्या ब्रेकवर येते. चार टनांच्या मोटारहोममागे दोन टनांची गाडी म्हणजे ब्रेकना दीडपट काम, आणि घाट उतरताना तापलेले ब्रेक कसे दगा देतात हे ट्रकचालकांना सांगायला नको.

चार्जिंगचा मोह

मागची गाडी ओढल्याने तिची बॅटरी भरते हे तत्त्वतः खोटे नाही. गाडी चालू ठेवून, ब्रेक लावल्यावर वीज परत घेण्याची यंत्रणा जागी ठेवून ओढली तर बॅटरीत वीज जाते. परदेशात हौशी लोकांनी ते करून दाखविले आहे. मात्र ही वीज फुकट नसते. एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानाने दहा युनिटांइतकी ऊर्जा असते. त्यातील जेमतेम एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते. तेथून दोर, मागची चाके, गिअर, मोटर व इन्व्हर्टर असा प्रवास करून बॅटरीत पडेपर्यंत पावणेतीन युनिटेही उरत नाहीत. चांगला जनरेटर तेवढ्याच डिझेलमध्ये तितकी वीज देतो, तीही झाडाखाली उभा राहून. ताशी ६० किलोमीटर वेगाने तासाभरात वीस युनिटे भरायची म्हटली तर जोडणीवर सततचा जोर सुमारे दीडशे किलोंचा पडतो. ज्या हुकाला गाडी रस्त्याकडेला काढण्यापुरते बनविले आहे, त्याने हा जोर तासन् तास सोसावा ही अपेक्षाच चुकीची.

कायद्याची चौकट

आपल्याकडे रस्त्याच्या नियमांची १९८९ ची नियमावली या बाबतीत पुरेशी स्पष्ट होती. यांत्रिक बिघाड झालेले वाहन, पूर्ण जुळणी न झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर अथवा साइडकार याखेरीज अन्य वाहन मोटारीने ओढू नये, असा तिचा दंडक होता. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या आसनावर परवानाधारक चालक असावा किंवा स्टिअरिंगची चाके क्रेनने अधांतरी धरलेली असावीत. दोन वाहनांतले अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे. दोर अथवा साखळी इतरांना सहज दिसावी. मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत वाहन ओढले जात असल्याची सूचना असावी, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये, अशा अटी तिने घातल्या. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा नव्या वाहनचालन नियमावलीने घेतली. तिच्यातही टोइंगसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

ही सारी रचना बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचविण्यासाठी आहे. धडधाकट मोटार सहलीसाठी मागे बांधून शेकडो किलोमीटर न्यावी, ही कल्पना तिच्या मनातही नव्हती. गाडी सोबत न्यायचीच असेल तर ती नोंदणी झालेल्या ट्रेलरवर चढवून नेणे हा सरळ मार्ग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरला नोंदणीच्या तरतुदी लागू होतात. अर्थात ट्रेलरसह तीन टनांचे ओझे ओढण्यास पुढचे वाहन उत्पादकाने मान्य केलेले आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी येते. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हेच विचारते.

फर्दापूरचा मुक्काम

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. जेथे वनक्षेत्र, वारसास्थळे अशा कारणांनी पक्के बांधकाम करता येत नाही, तेथे मुक्कामाची सोय व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता. वाहनतळ, पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना त्यात मांडलेली आहे. मोटार-कॅरव्हॅनची तांत्रिक तपासणी एआयएस-१२४ या मानकानुसार होते. कोणत्याही व्हॅनमध्ये पलंग व शेगडी बसविली म्हणजे ती कायद्याच्या दृष्टीने कॅरव्हॅन होत नाही.

अजिंठ्यापुरते बोलायचे तर सोबतच्या लहान गाडीचा उपयोग वाटतो तेवढा नाही. लेण्यांकडे जाणारी खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबवितात. तेथून सुमारे चार किलोमीटर अंतर एसटीच्या बसने जावे लागते. धूर, धूळ आणि वाहनांची वर्दळ भित्तिचित्रांपासून दूर राहावी यासाठी केलेली ही व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्यामुळे मोटारहोम असो की मागे आणलेला विद्युत ट्रक, दोघांनाही त्याच वाहनतळावर उभे राहावे लागते. लेणापूरच्या बाजूचा व्ह्यू पॉइंट, जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणी किंवा गौताळा अभयारण्य पाहायचे असेल तर लहान गाडी कामाची खरी; पण तेवढ्यासाठी ती दुसऱ्या कुटुंबीयाने स्वतंत्रपणे चालवत आणणे हे ओढून आणण्यापेक्षा स्वस्तही पडते आणि बिनधोकही.

गाडी थांबलीच तर

विद्युत गाडी बंद पडली म्हणजे मोठी बॅटरी संपली, असे नेहमीच नसते. बहुतेक गाड्यांत बारा व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. दिवे, कुलूप, पडदा, गिअरचे बटण आणि पुष्कळ गाड्यांतील पार्किंग ब्रेक तिच्यावर चालतात. ती उतरली, की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी मढ्यासारखी पडून राहते. पुस्तिकेत परवानगी असेल तर दुसऱ्या गाडीच्या बारा व्होल्ट बॅटरीवरून तिला जागे करता येते, आणि मग ओढण्याचा प्रश्नच मिटतो. निदान ब्रेक सुटून गाडी फ्लॅटबेडवर चढविता येते. पार्किंग ब्रेक लागलेला असताना चाके फरफटत चढविल्यास टायरबरोबर बरेच काही जाते.

घाटात प्रथम गाडी शक्य तितकी कडेला, वळणापासून दूर घ्यावी. तेवढे अंतर ढकलून नेण्यास हरकत नाही. प्रवाशांना कठड्याच्या आत, गाडीच्या मागे नव्हे तर बाजूला उभे करावे. त्रिकोणी फलक वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांना दिसेल असा ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि सर्व प्रकारच्या आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हे क्रमांक आहेत. उत्पादकाच्या रस्त्यावरील मदतसेवेला दूरध्वनी करताना तीन गोष्टी न विसरता सांगाव्यात : गाडी विजेवरची आहे, चालना कोणत्या चाकांना आहे, आणि फ्लॅटबेड हवी आहे. ‘क्रेन पाठवा’ एवढेच सांगितले तर क्रेनच येते. मदतसेवेत किती किलोमीटरपर्यंत गाडी नेण्याचा खर्च समाविष्ट आहे, हे पॉलिसी घेतानाच पाहिलेले बरे. सिल्लोड आणि संभाजीनगर यांतले अंतर त्या वेळी एकदम जाणवते.

गाडी चढविताना बंपरमागे आटे असलेल्या जागी हुक बसवावा आणि तिथूनच ओढावे. फ्लॅटबेडवर ती बांधायची ती चाकांवरून पट्टे घालून. गाडीच्या तळाशी सपाट दिसणारी पेटी ही बॅटरी असते. तिच्या कडेला साखळी अडकविणे वा तिच्याखाली जॅक लावणे सर्वथा वर्ज्य. नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. मदतीला आलेल्याने नंबरप्लेटही पाहावी. २०१८ पासून विद्युत वाहनांना हिरवी पाटी आहे. तिच्यावर खासगी वाहनासाठी पांढरी आणि व्यावसायिक वाहनासाठी पिवळी अक्षरे असतात.

अपघातग्रस्त गाडीचा विचार आणखी वेगळा. आपटलेल्या लिथियम बॅटरीतून काही तासांनी, कधी काही दिवसांनीही आग उद्भवू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० च्या अहवालात अशा बॅटरीत अडकून राहिलेल्या ऊर्जेचा धोका बचाव पथके आणि टोइंगवाले या दोघांनाही असल्याचे नमूद केले. फुसफुस असा आवाज, गोडसर उग्र वास, तळाकडून निघणारा पांढरट धूर यांपैकी काही जाणवल्यास गाडीपासून दूर व्हावे आणि अग्निशमन दलाला ती विद्युत गाडी असल्याचे सांगावे. अशी गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली अन्य वाहनांच्या रांगेत लावू नये. चहूबाजूंनी सुमारे १५ मीटर मोकळी जागा सोडावी, असे सांगितले जाते. महामार्गालगतच्या लहान गॅरेजांत एवढी जागा क्वचितच असते. तेव्हा गाडी आणणाऱ्याने रात्री शटर उघडून घेण्याची घाई न करता ती अंगणात, दिसेल अशा ठिकाणी ठेवावी आणि सकाळी उत्पादकाचा माणूस येईपर्यंत तिच्याजवळ कोणाला झोपू देऊ नये.